झिजणाऱ्या देहाचे मोजमाप

२०२० सालच्या डिसेंबर महिन्यात, सारे जग कोविडच्या सावटाखाली असताना, अमेरिकेत एक छोटासा कायदा झाला. तेथे ‘एएलएस’ नावाच्या आजाराच्या रुग्णांना सरकारी अपंगत्व विम्याचे पैसे सुरू होण्यापूर्वी पाच महिने थांबावे लागत असे. थांबण्याची ही अट त्यांच्यापुरती काढून टाकण्यात आली. एवढाच तो कायदा. सिनेटमध्ये २ डिसेंबरला त्याच्या बाजूने ९६ मते पडली आणि विरोधात एक. निवडणुकीच्या निकालावरून दोन्ही पक्ष एकमेकांचे तोंड पाहायला तयार नव्हते, अशा त्या दिवसांत हे घडले. २२ डिसेंबरला राष्ट्राध्यक्षांची सही झाली.

सातासमुद्रापलीकडच्या या कायद्याला आपल्या पत्रिकेत जागा देण्याचे कारण असे की त्यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो आपल्या घराच्या ओटीपर्यंत येऊन पोहोचतो. ज्याचा आजार उतरणार नाही, उलट दिवसेंदिवस वाढतच जाणार हे ठाऊक आहे, त्याला मदत केव्हा द्यायची? तो पुरता कोसळला आहे हे सिद्ध झाल्यावर, की तो कोसळणार आहे हे कळल्याबरोबर? आपल्या धर्मग्रामात कंपवाताने थरथरणारे हात आहेत, स्नायूंची शक्ती ओसरत चाललेली मुले आहेत. जी मंडळी आजाऱ्यांसाठी घरोघरी ख्रिस्तशरीर घेऊन जातात, त्यांना ही घरे चांगली माहीत आहेत.

आधी या आजाराविषयी थोडे. मेंदूकडून स्नायूंना हुकूम पोहोचवणाऱ्या ज्या चेतापेशी असतात त्या एएलएसमध्ये एकेक करून मरत जातात. सुरुवात अगदी क्षुल्लक वाटावी अशी होते. शर्टाचे बटण लागत नाही, हातातला कप निसटतो, चालताना पाऊल अडखळते. मग जीभ जड होते, घास गिळताना ठसका लागतो आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकतात. बुद्धी मात्र बहुतेकांची शाबूत राहते, म्हणजे आपले काय होत आहे हे रुग्णाला पूर्ण कळत असते. लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणपणे दोन ते पाच वर्षांचे आयुष्य उरते. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली निदान झाले आणि ते २०१८ पर्यंत जगले हे खरे, परंतु ते हजारात एखादेच उदाहरण. अमेरिकेत या आजाराला ल्यू गेरिग या बेसबॉलपटूचे नाव पडले आहे. सलग २,१३० सामने खेळलेला हा पोलादी माणूस. १९३९ साली त्याला हा आजार असल्याचे निष्पन्न झाले आणि १९४१ च्या जून महिन्यात तो गेला. आजार थांबवणारे औषध अजूनही सापडलेले नाही. १९९५ पासून वापरात असलेले रिलुझोल आयुष्याला फार तर काही महिन्यांची जोड देते.

आता त्या पाच महिन्यांविषयी. अमेरिकेतील अपंगत्व विमा १९५६ साली सुरू झाला. तो धर्मादाय नव्हे. नोकरी करणाऱ्याच्या पगारातून दर महिन्याला त्यासाठी रक्कम कापली जाते आणि पुढे काम करणे अशक्य झाले की त्यातून निर्वाहापुरते पैसे मिळतात. सुरुवातीला त्यात सहा महिने थांबण्याची अट होती. १९७२ साली ती पाचवर आली. त्या पाच महिन्यांचे पैसे मागाहूनही मिळत नाहीत, ते गेले ते गेलेच. अट का ठेवली? पाय मोडलेला माणूस चार महिन्यांत बरा होऊन कामावर जातो. अशांना वगळून जे खरोखर दीर्घकाळचे अपंग आहेत त्यांनाच पैसे मिळावेत, हा विचार त्यामागे होता. तिजोरीवरचा भार हलका होतो हेही कारण होतेच. विचार अगदीच चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. लोकांच्या घामाचा पैसा ज्याच्या हाती आहे त्याने तो राखून वापरलाच पाहिजे.

पण तीच अट एएलएसच्या रुग्णाला लावली तर काय होते ते पाहा. ‘हा माणूस पाच महिन्यांत बरा होईल का’ असे अट विचारते. त्या प्रश्नाचे उत्तर निदानाच्या दिवशीच मिळालेले असते. तरीही सरकार पाच महिने थांबून तोच प्रश्न विचारत राहते, आणि ज्याच्या हाती दोनच वर्षे उरली आहेत त्याच्या उरलेल्या आयुष्याचा पाचवा हिस्सा त्यात निघून जातो. उद्देश संपला तरी नियम मागे उरतो, असे आपल्याकडच्या कचेऱ्यांतही आपण रोज पाहतो. एखाद्याला नियमातून सूट देणे म्हणजे त्याच्यावर मेहेरबानी करणे, असे आपल्याला वाटते. येथे तसे नव्हते. नियम ज्या कारणासाठी केला ते कारणच या रुग्णांना लागू पडत नव्हते. सर्वांना एकच नियम लावला की न्याय झाला, ही समजूत किती तोकडी आहे हे यावरून दिसते.

यापूर्वीही असाच एक अडसर दूर झाला होता. अपंगांना मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळण्यासाठी पैसे सुरू झाल्यानंतर आणखी २४ महिने थांबावे लागते. पाच अधिक चोवीस, म्हणजे एकोणतीस महिने. कित्येक एएलएस रुग्ण तोवर हयातच नसत. कागदोपत्री हक्क होता आणि हक्कदार दफनभूमीत होता. जुलै २००१ पासून या रुग्णांसाठी ते २४ महिने रद्द झाले. म्हणजे एक अडसर २००१ मध्ये दूर झाला आणि दुसरा दूर व्हायला जवळजवळ वीस वर्षे लागली. या वीस वर्षांत त्या आजाराच्या रुग्णांच्या किती पिढ्या होऊन गेल्या असतील याचा वाचकांनीच विचार करावा. दोन ते पाच वर्षांत जिथे माणूस जातो तिथे पिढी मोजायची ती किती वर्षांची?

गंमत म्हणावी की दुर्दैव, नवा कायदा झाला तोही एका उणिवेसह. कायदा झाल्यानंतर जे अर्ज करतील त्यांनाच सूट मिळेल अशी त्यातली शब्दरचना होती. जे आधीच अर्ज करून पाच महिने मोजत बसले होते ते तसेच राहिले. मग मार्च २०२१ मध्ये दुरुस्तीचा आणखी एक कायदा करून २३ जुलै २०२० पासून मंजूर झालेल्या सर्व अर्जांना तो लागू करण्यात आला. चांगल्या हेतूने केलेले कामही शब्दांच्या एका चुकीने अडते. संस्थांचे ठराव लिहिणाऱ्या आपल्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको.

येथवर सारे सरळ आहे. पुढचा प्रश्न अवघड आहे. सूट एएलएसलाच का? हंटिंग्टन हा आजारही मेंदू झिजवणाराच. आईवडिलांकडून मुलांकडे येणारा, दहा-पंधरा वर्षे माणसाला थोडे थोडे खाणारा, आणि त्यावरही इलाज नाही. त्याच्या रुग्णांनाही अशी सूट द्यावी म्हणून अमेरिकेच्या संसदेत अनेकदा विधेयके मांडली गेली, पण ती मंजूर झाली नाहीत. सर्वत्र पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांचीही तीच मागणी आहे. एएलएसच्या पाठीशी एका लाडक्या खेळाडूचे नाव होते. २०१४ च्या उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेण्याचे जे खूळ जगभर पसरले होते ते अनेकांना आठवत असेल. आपल्याकडच्या तरुणांनीही बादल्या ओतून घेतल्या, त्यातल्या किती जणांना ते कशासाठी होते हे ठाऊक होते कोण जाणे. ते याच आजारासाठी होते, आणि त्यातून तेथील एएलएस संघटनेकडे सुमारे साडेअकरा कोटी डॉलर जमा झाले. ज्यांचा आवाज पोहोचतो त्यांना कायदा मिळतो. ज्यांचा आजार दुर्मीळ आहे, ज्यांच्या पाठीशी नामवंत नाही, ते मागे राहतात.

बेथेस्डाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसाची गोष्ट आपण मिस्सात ऐकतो. पाणी हलले की जो प्रथम उतरेल तो बरा होईल, अशी तेथे समजूत होती, आणि त्याला पाण्यात सोडायला त्याचे कोणी नव्हते. दरवेळी दुसराच कोणीतरी पुढे जाई. आपण ही गोष्ट चमत्काराची म्हणून ऐकतो. ती एका रांगेचीही गोष्ट आहे. ज्याला माणसे आहेत तो पुढे, ज्याला नाहीत तो मागे. आणि जो जास्त लुळा तोच जास्त मागे.

मग एका आजाराला सूट देणे हा इतरांवर अन्याय झाला का? आमच्या मते नाही. एएलएसच्या रुग्णांनी कोणाचा घास काढून घेतला नाही. सर्वांना एकदम देता येत नाही म्हणून कोणालाच देऊ नये, हा युक्तिवाद न देणाऱ्याच्या सोयीचा असतो. परंतु एकेका आजाराचे नाव घेऊन दार उघडण्याच्या या पद्धतीची किंमत कोणीतरी चुकती करतो हे विसरून चालणार नाही. ‘बरे होण्याची आशा नाही असे निदान ज्याला झाले आहे त्याला थांबवू नये’ असे तत्त्व म्हणून लिहिले असते तर हंटिंग्टनच्या रुग्णाला स्वतःसाठी वेगळा खेळाडू शोधावा लागला नसता.

आता आपल्या देशाकडे येऊ. आपल्याकडे आजाराची नावे वाढली आणि ही चांगली गोष्ट आहे. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. कंपवात किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्याला त्यात स्वतःचे नाव सापडत नसे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कराराला भारताने २००७ साली मान्यता दिली आणि पुढे नऊ वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम संमत झाला. १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आहे. त्यात प्रकार सातावरून एकवीस झाले. मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे मुलांच्या स्नायूंची शक्ती ओसरत जाण्याचा आजार, त्यात आला. कंपवात आला, मल्टिपल स्क्लेरोसिस आला. एएलएसचे नाव मात्र परिशिष्टात नाही. पण चेतासंस्थेच्या जुनाट आजारांची जी दोन नावे दिली आहेत ती ‘यांसारखे’ असे म्हणून दिली आहेत, आणि हालचाल करता न येण्याच्या अपंगत्वाच्या व्याख्येत चेतासंस्थेच्या बिघाडाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे नाव नाही म्हणून कोणी अर्ज करायचे थांबू नये.

अमेरिकेच्या कायद्यात अडचण महिन्यांची होती, आपल्याकडे ती टक्क्यांची आहे. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व असल्याचा दाखला लागतो. केंद्र सरकारच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेसाठी तर ८० टक्के लागते, शिवाय दारिद्र्यरेषेखाली असावे लागते. एवढे सारे जमल्यावर केंद्राकडून मिळतात महिना ३०० रुपये. २०१२ साली ही रक्कम २०० वरून ३०० झाली आणि मग एका तपाहून अधिक काळ तेथेच राहिली. आपल्या राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना त्या मानाने बरी. तिची रक्कम २०२३ मध्ये महिना १,५०० रुपये झाली आणि दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये. दिव्यांगांच्या बाबतीत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत असावे लागते. महिन्याला साधारण चार हजार. वाडीतल्या कोणत्या घराचे उत्पन्न कागदावर तरी एवढे कमी असते, हे तलाठ्यालाच माहीत.

परंतु आमचा मुख्य मुद्दा पैशांचा नाही, मोजण्याचा आहे. ज्याचा पाय अपघातात गेला त्याचे अपंगत्व मोजता येते. ते आज आहे तेवढेच उद्या राहील. ज्याचा देह झिजतो आहे त्याचे माप घेतले त्या दिवसापुरतेच खरे. आज ३५ टक्के भरले म्हणून त्याला परत पाठवायचे आणि वर्षाने ४५ भरले की बोलवायचे, यात त्या वर्षाचे काय? घराला रॅम्प लावायचा, नोकरीत हलके काम मागायचे, बोलता येते आहे तोवर बँकेचे व मृत्युपत्राचे कागद करून ठेवायचे, ही सारी कामे त्याच वर्षात करायची असतात. मदतीची गरज त्याला सर्वांत जास्त तेव्हा असते जेव्हा तो अजून पुरता अपंग ‘दिसत’ नाही.

दाखल्याच्या मुदतीची गोष्टही तशीच. अपंगत्वात बदल होण्याची शक्यता नसेल तर दाखला कायमचा. शक्यता असेल तर ठरावीक मुदतीचा, असा नियम आहे. वरवर पाहता वाजवी वाटतो. पण बदल दोन दिशांनी होतो. एक माणूस बरा होण्याच्या वाटेवर असतो आणि दुसरा खाली उतरत असतो. नियमाला दोघे सारखेच. ज्याचा आजार उतरणारच नाही त्याला मुदत संपली की पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. उभे राहावे म्हटले खरे, तोवर त्याला उभे राहता येत असेल तर. दर खेपेला रिक्षा करून, दोन माणसांचा रोजगार बुडवून जिल्हा रुग्णालयात जायचे, ते कशासाठी? आपण अजून बरे झालो नाही हे दाखवण्यासाठी. खाली जाणाऱ्या आजारात ठरलेली टक्केवारी निदान कमी तरी होणार नाही, एवढे मान्य करून कायमचा दाखला द्यायला काय हरकत आहे? पुढे वाढल्यास वाढीव टक्क्यांसाठी त्याने हवे तर यावे.

एका चमत्कारिक नैतिक पेचाविषयी येथे सांगितले पाहिजे. कंपवाताच्या रुग्णाला लेवोडोपा नावाचे औषध देतात. काही वर्षांनी असे होऊ लागते की गोळी घेतल्यावर दोन-तीन तास माणूस बऱ्यापैकी चालतो, बोलतो, चहाचा कप धरतो. गोळीचा अंमल उतरला की पाय जमिनीला चिकटतात, तोंडातून शब्द निघत नाही. दिवसातून चार-पाच वेळा असा भरती-ओहोटीचा खेळ चालतो. आता तपासणी सकाळी अकराला आहे. गोळी घेऊन गेला तर तो डॉक्टरांसमोर चालून दाखवतो आणि टक्के कमी भरतात. घेतली नाही तर तो तेथे पोहोचणेच मुश्कील, पण पोहोचलाच तर खरी अवस्था दिसते. मग गोळी न घेता जाणे ही लबाडी आहे का?

आम्ही या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. प्रथमदर्शनी वाटते की जाणूनबुजून स्वतःला अधिक आजारी दाखवणे हे खोटेच. पण गोळी घेतलेला माणूस तरी खरा आहे का? तोही त्या दोन तासांपुरताच खरा. अकराच्या ठोक्याला जे दिसते तेवढेच सत्य, असे धरून चालणारी व्यवस्था प्रामाणिक माणसाला कोंडीत पकडते. त्याने मुकाट राहून चालून दाखवले तर त्याचा प्रामाणिकपणाच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरतो. आमचे मत असे की गोळीविषयी जे आहे ते डॉक्टरांना उघड सांगितले तर त्यात लबाडी राहत नाही. मात्र गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये, ते धोक्याचे ठरू शकते. ज्यांच्याकडे उपचार चालू आहेत त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये. त्यापेक्षा घरच्यांनी पंधरा दिवस एका वहीत लिहून ठेवावे: किती वाजता गोळी, किती वाजता हालचाल थांबली, कितीदा पडणे झाले, कपडे कोणी चढवले. ती वही आणि सारे केसपेपर बरोबर न्यावेत. आणि तपासणाऱ्यांना एक विनंती: समोरच्याने मागितली नाही तरी ती वही आपण होऊन मागावी. ‘आत्ता चालून दाखवा’ यापेक्षा ‘पहाटे चार वाजता कूस कशी बदलता’ हा प्रश्न अधिक सांगून जातो.

यावर कोणी म्हणेल, अशी सैल वागणूक ठेवली तर खोट्यांचे फावेल. भीती निराधार नाही. २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यावरून आपल्याच राज्यात केवढे वादळ उठले ते सर्वांनी पाहिले. कायद्यातही खोटा लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अशी शिक्षा आहे, आणि ती असावीच. पण असा एखादा प्रकार उघडकीस आला की संशयाची झळ लागते ती खऱ्यांना. बड्या घरचा माणूस वकील उभा करतो. आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्याला मात्र खिडकीवरचा कारकून अधिक बारकाईने न्याहाळू लागतो.

येथे चूक दोन प्रकारची होऊ शकते. ज्याला मिळू नये त्याला मिळाले ही एक, आणि ज्याला मिळायला हवे त्याला नाकारले ही दुसरी. दोन्ही एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत. एक आवळली की दुसरी वाढते. फौजदारी न्यायात आपण फार पूर्वी ठरवून टाकले आहे की अपराधी सुटला तरी चालेल, निरपराध्याला शिक्षा होता कामा नये. मग मदत देताना आपण नेमके उलटे का वागतो? पहिल्या प्रकारच्या चुकीत पैसा जातो, आणि तो वसूल करता येतो. दुसऱ्या प्रकारच्या चुकीत जो काळ जातो तो झिजणाऱ्या माणसाला परत देता येत नाही. मंडळाचा निर्णय पटला नाही तर कलम ५९ खाली अपील करता येते, हे खरे. पण अपिलालाही महिने लागतात, आणि महिने हेच तर त्याच्याकडे नाहीत. २०२४ च्या नव्या नियमांत ओळखपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिने करण्यात आली. यंत्रणेच्या दृष्टीने ती सोय असेल. आम्हाला अमेरिकेतले पाच महिने आठवले.

आणखी एक विचार आमच्या मनात येतो, आणि तो सरकारपेक्षा आपल्याविषयी आहे. आपल्याकडे असे कित्येक रुग्ण आहेत ज्यांनी दाखल्यासाठी अर्जच केलेला नाही. ‘आमच्याकडे करणारी माणसे आहेत, सरकारपुढे हात कशाला पसरायचा?’ असे अभिमानाने सांगितले जाते. करणारी माणसे म्हणजे कोण? बहुतेक घरांत ती एकटी बायको किंवा सून असते, आणि रात्री तीन वेळा उठून कूस बदलून देण्याचे काम तिच्या नावावर कोणी कधी मांडलेले नसते. कधी घरात लग्नाची मुलगी असते म्हणून आजाराचे नाव दाराबाहेर जाऊ देत नाहीत. हात पसरण्याची भाषाच मुळात चुकीची आहे. कायद्याच्या कलम २४ मध्ये असे म्हटले आहे की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांना मिळणाऱ्या तशाच मदतीपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावी. ‘शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पळवाट त्यात ठेवली आहे ते सोडा. पण हक्क म्हणून ते लिहिलेले आहे. ज्या माणसाने तीस वर्षे कर भरला, पंचायतीची पट्टी भरली, तो स्वतःच घातलेल्यातले मागत आहे.

नोकरदारांसाठी शेवटी एक सांगायचे आहे, कारण याविषयी फार कमी जणांना माहिती असते. एसटीच्या चालकाचा हात कापू लागतो, नगरपालिकेतल्या लिपिकाची बोटे संगणकावर चालेनाशी होतात, शिक्षिकेचा आवाज बसत जातो. माणूस घाबरतो, वर्षभर लपवतो, रजा संपवतो आणि मग ‘काम जमत नाही’ म्हणून राजीनामा देऊन मोकळा होतो. कायद्याच्या कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला सेवेत असताना अपंगत्व आले तर त्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. त्याचे काम त्याला जमत नसेल तर त्याच वेतनाच्या दुसऱ्या पदावर घ्यावे लागते. तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत त्याच्यासाठी जादा पद निर्माण करून ठेवावे लागते. खाजगी नोकरीत हे संरक्षण नाही, ही मोठीच उणीव आहे. पण जिथे आहे तिथे तरी ते घ्यायला हवे, आणि राजीनाम्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी घ्यायला हवे. एकदा स्वतः होऊन नोकरी सोडली की मग भांडायला आधार फारसा उरत नाही. आपल्या शेजारी कोणी असा अकस्मात रजेवर गेलेला असेल, चर्चमध्ये येताना अलीकडे मागच्या बाकावर बसत असेल, हात खिशात ठेवत असेल, तर त्याच्याकडे जाऊन एवढी एक गोष्ट त्याच्या कानावर घालावी. ओळखपत्राचा अर्ज ऑनलाईन करता येतो, आपल्या धर्मग्रामातल्या कॉलेजच्या मुलांना ते सहज जमेल; मंडळापुढे मात्र स्वतःच जावे लागते, त्या दिवशी त्याच्याबरोबर कोणीतरी जावे.